कावळ्याला दिलेला शब्द

२९ ऑगस्ट १९५४, नौपाडा
आक्का येऊन महिना झाला. वीस वर्षं जोहान्सबर्गात काढूनही बहिणीचं मराठी शाबूत. पण भातात खडा लागावा तसे मध्येच तिकडच्या गल्लीतले शब्द. ‘हो’ म्हणजे येबो. कोणाचं वाईट झालं की ‘शेम’. आमटी जमली की ‘लेकर’. आमची ही हसते. आई नाही हसत. म्हणते, काळ्यांच्या वस्तीत राहून पोर बिघडली. आक्का : "तुझे जावई गेले तेव्हा त्याच वस्तीनं खांदा दिला, आई."

५ सप्टें.
आक्काचा परवाना वाचला. डिसेंबरअखेर तिकडे पोचली नाही तर दार कायमचं बंद. भाचा मधू तिकडेच शिवणकाम करतो, सून गरोदर. त्यात वस्ती उठवणार अशी आवई. बोटीचं आता ठरवायलाच हवं. विचारलं, तर "जस्ट नाऊ सांगते." तिकडे ‘जस्ट नाऊ’ म्हणजे सवडीनं, एवढं कळलंय मला. तिने राहावं असं वाटतं. स्वार्थच. ती गेली तेव्हा मी आठ दिवस... जाऊ दे.

१९ सप्टें., रवि.
अण्णांचं श्राद्ध. गच्चीच्या कठड्यावर कावळ्याचं पान ठेवलं. लगेच एक उतरला. तेवढ्यात आक्का पाण्याचा तांब्या घेऊन वर आली आणि सवयीनं ओरडली, "फुटसेक!" तिकडे दारात आलेलं काहीही असंच हाकलतात. कावळा ठाण्याचा, पण बरोब्बर समजला. उडाला.

मग एकही फिरकेना. गुरुजींची चुळबुळ, खाली पानं मांडलेली. आक्का रडवेली : "तोंडातून गेलं रे." शेवटी आईने पुढे होऊन हात जोडले. "अहो, शांता इथंच राहील. परत नाही पाठवत तिला."

जरा वेळाने कावळा आला, वडा उचलला, गेला. सगळे जेवले. आक्काने भात चिवडला नुसता.

२० सप्टें.
आक्का : शब्द मी दिलेला नाही.
आई : त्यांनी घेतला ना.
मी डबा उचलून ऑफिसला. कॉलेजात असताना या कावळ्यावरून अण्णांशी वाद घालायचो. काल तो आला तेव्हा मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

४ ऑक्टो.
आक्काने सांगितलं म्हणून बोटकचेरीत जाऊन आलो. नोव्हेंबरच्या बोटीत एक जागा आहे, उद्या दुपारपर्यंत धरून ठेवतील. सांगितलं तिला. मान हलवली आणि तांदूळ निवडत बसली. येबो नाही की काही नाही.

आईने स्वयंपाकघरात बोलावलं. "विचार तिला, जायचंय का."
"तूच विचार."
"हो म्हणाली तर ह्यांना काय सांगू?"
"आणि नाही म्हणाली तर?"
आईने फोडणीत मोहरी टाकली. "मग त्या मधूला काय सांगू."

जेवणं झाली. अजून कोणीच विचारलेलं नाही.