चौदा खुर्च्यांचा पहारा

३ मे
उद्यापासून कारखाना आठ दिवस बंद. कारागीर सुट्टीवर, दादा-वहिनी बाहेरगावी. आत दातांच्या डॉक्टरांच्या वेटिंग रूमसाठी केलेल्या चौदा खुर्च्या. सोफे-खुर्च्यांच्या या धंद्यात मला एकोणीस वर्षं झाली, पण किल्ली कधी हातात आली नाही. आज आली. दादा म्हणाला, बारा तारखेला माल जसाच्या तसा दिसला तर किल्ली कायमची तुझी. नाहीतर भाऊजींची. भाऊजी म्हणजे ताईचा नवरा. तीन वर्षांपूर्वी कारखान्यात आले आणि थेट डोक्यावर बसले. त्यांचं मत, वॉचमन ठेवू. मी सगळ्यांसमोर सांगितलं, चोर आला तर त्याचं एक हाड शाबूत ठेवणार नाही. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. छाप पडली असावी.

४ मे, सकाळी
कुत्रा आणला. भाड्याने. नाव मेजर. कुत्रेवाला म्हणाला, शिकवाल तसा चावेल.
प्रॅक्टिससाठी हाताला जाड काहीतरी बांधावं लागतं. ते विकत कशाला? चार इंची फोम, वर मरून रेक्झिन, कडेने स्टेपल. खुर्च्यांचंच उरलेलं मटेरियल. बघत राहावा असा हात झाला. एक स्टेपल अंगठ्यात आरपार. चालायचंच.

५ मे
मेजर हुशार. ‘चोर’ म्हटलं की रेक्झिनवर तुटून पडतो, आतला फोम बाहेर काढतो, मग मी पाव देतो. दुपारपर्यंत तीन हात फाडले. तिसरा तर मी ‘चोर’ म्हणायच्या आधीच. रेक्झिन दिसलं की पुरे. एका दिवसात एवढी प्रगती माणूस करत नाही.

५ मे, संध्याकाळी
चौथा हात बांधायला उशीर झाला. सात टाके. बायको म्हणाली, भीक नको पण कुत्रं आवर. बायकांना सिक्युरिटी कळत नाही.

६ मे
मेजरला आत सोडून शटर ओढलं. पाव-पाणी मागच्या उंच खिडकीतून, आतलं काही दिसत नाही. चोराचा पंजा फाटावा म्हणून खिडकीच्या कडेला उलटे खिळे ठोकले. पाव टाकताना माझा फाटला. म्हणजे खिळे चोख बसलेत.

७ मे, दुपारी
पहिला चोर. शटरला कान लावला तर आत गुरगुर, धडपड, मग टराटरा फाडल्याचा आवाज. ओरडला मात्र नाही. मेजरने थेट गळाच धरला असणार. मी बाहेरून ओरडून सांगितलं, सोडू नकोस त्याला.
शटर उघडलं नाही. उगाच पुरावा बिघडायचा.
मेला असेल तर? पोलिसांना काय सांगायचं ते आरशासमोर तीनदा म्हणून पाहिलं. तिसऱ्यांदा आवाज कापला नाही.

८ मे
आज आणखी दोन. टोळीच आहे. शटरखालून मरून कापडाचा तुकडा बाहेर आला. चोराची पँट. चाचपून पाहिली, माल उत्तम. चोरांचं बरं चाललेलं दिसतंय.

९ मे
सकाळी तीन, दुपारी दोन. एकूण आठ. कुत्रा चावल्याचं इंजेक्शन दुसरं. जेवण जात नाही, पण अभिमान वाटतो.

१० मे
भाऊजी टपकले. म्हणाले, आतून कसले आवाज येतायत, उघडून बघू. मी शटरसमोर आडवा झालो. त्यांनी किल्लीला हात घातला आणि माझं डोकंच फिरलं. खिशातली हातोडी काढून हाणली. खांद्यावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. ते खाली बसले, मग उठून खांदा धरून निघून गेले. शिवीसुद्धा दिली नाही. ती दिली असती तर बरं झालं असतं.
किल्ली वाचली.

१२ मे
दादा आला. सोबत भाऊजी, हात गळ्यात अडकवलेला. त्यांनी पडलो म्हणून सांगितलंय दादाला.
मी शटर वर केलं. मेजर फोमच्या ढिगात झोपला होता. चौदा खुर्च्यांवर मिळून वीतभरही रेक्झिन शिल्लक नव्हतं. नुसत्या लाकडी चौकटी आणि लोंबणाऱ्या स्प्रिंगा. चोर एकही नाही. मेजर उठला, शेपटी हलवत आला आणि माझा उरलेला चांगला हात धरला. भाऊजींनीच एका हाताने त्याचा पट्टा ओढून मला सोडवलं.
दादाने हात पुढे केला. मला वाटलं, जखम बघतोय. मी चावलेला हात त्याच्या हातात दिला. तो म्हणाला, किल्ली.
किल्ली त्याच हातात होती. बोटं सुजलेली, मूठ उघडेना. भाऊजी जवळ आले आणि मला दुखू नये म्हणून एकेक बोट हळूहळू सोडवू लागले. तेच जास्त लागलं.