मिठाचा पिरॅमिड

नवीन पनवेल,
११ जून २०१५

प्रिय शांती,

पाकिटावर शाळेचा शिक्का नाही, म्हणजे ही दाखल्याची किंवा मीटिंगची नोटीस नव्हे, हे तुझ्या लक्षात आलं असेल. अक्षर ओळखलंस की नाही, ठाऊक नाही. सातवीपर्यंत एका बाकावर बसून तू ते रोज बघितलंयस. मी निशा. ओवे गावची, धर्मराजची पोर निशा. एवढं लिहायला मला सात वर्षं लागली.

सातवीनंतर तुझी शाळा सुटली आणि माझी चालू राहिली, यात माझी हुशारी काहीच नव्हती. भारताचा नकाशा तू न बघता काढायचीस, मी तुझा बघून काढायचे. गुजरातचं ते तोंड मला कधी जमलंच नाही. पण तुझ्या आईला शेतावर माणूस कमी पडत होतं आणि माझ्या आईच्या हाताशी माझ्या दोन बहिणी होत्या, एवढाच फरक. पुढे मी डी.एड. केलं, लग्न होऊन पनवेलात आले, सासरचं आडनाव लागलं आणि बोलणंही बदललं. माझ्या तोंडून आपलं आगरी 'हाय-नाय' निघालं की सासूबाई हसायच्या. मग मीही त्यांच्याबरोबर हसायला शिकले.

इंग्रजी शाळेत नोकरीला लागले तेव्हा मुलाखतीत मला विचारलं होतं, घरी कुठली भाषा बोलता. मी म्हटलं, इंग्रजी. शब्दकोश उशाशी घेऊन झोपणारी मी! नोकरी तात्पुरती होती, दोन वर्षांनी कायम करणार होते. वर्ग मिळाला तिसरीचा. पस्तीस मुलं, कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या गुजराती, कुणाच्या आपली आगरी, आणि शाळेचा नियम असा की वर्गात इंग्रजीच बोलायचं. मुलं गप्प बसायची. मग मी एक युक्ती काढली. जुनी कॅलेंडरं गोळा केली, त्यांतली आयफेल टॉवर, चीनची भिंत, पिसाचा कललेला मनोरा अशी चित्रं कापली, आणि शाळेच्या अंगणात खडूने जगाचा मोठा नकाशा काढला. मुलांनी समुद्र ओलांडून उड्या मारायच्या, जिथे उतरतील तिथलं चित्र उचलायचं आणि म्हणायचं, 'धिस इज द आयफेल टॉवर. इट इज इन पॅरिस. पॅरिस इज इन फ्रान्स.' पिसाला पोचलेलं पोर अंग वाकडं करूनच वाक्य म्हणायचं. मुलं बोलायला लागली, शांती. भूगोलही येत होता आणि इंग्रजीही. मला वाटलं, मी खरंच शिक्षिका झाले.

तुझी रिया त्याच वर्गात होती. तिला शाळेत घालायला तिचे वडील आले होते, त्यामुळे ती तुझी मुलगी आहे हे मला माहीत नव्हतं. ते कळलं पिरॅमिडच्या दिवशी. चित्र बघून ती उभी राहिली आणि नियम विसरून म्हणाली, हे तर आमच्या मिठासारखं आहे, आई मिठागरात अशाच राशी लावते. वर्ग हसला. मी तिला इंग्रजीत म्हणायला लावलं, आणि मधल्या सुट्टीत सहज विचारावं तसं आईचं नाव आणि आजोळ विचारलं. शांती. ओवे. त्या रात्री तुला निरोप धाडावा असं फार वाटलं. मग वाटलं, एकदा नोकरी कायम होऊ दे.

फेब्रुवारीत प्रदर्शन ठेवलं. प्रत्येक मुलाने एक जगप्रसिद्ध वास्तू करून आणायची, तिच्याशेजारी उभं राहून पाहुण्यांना पाच वाक्यं सांगायची. बहुतेकांनी थर्माकोल आणला, तोही दुकानातून कापून. तू मात्र बसमधून डोक्यावर पाटी घेऊन आलीस आणि पाटीत मिठाचा पिरॅमिड. रियाने नंतर सांगितलं की तिच्या आजोबांनी, काशिरामबाबांनी, फळ्यांचा साचा केला होता आणि तू ओलं मीठ त्यात ठोकून चार दिवस उन्हात वाळवलं होतंस. दारातून ऊन आलं की तो असा चमकायचा, की लोक बाकीचं सोडून तिकडे जायचे. रियाने पाच वाक्यं न अडखळता म्हटली. सहावं तिने स्वतःहून जोडलं, 'माय मदर मेड इट.'

संस्थेचे विनायकराव तिथेच थांबले होते. कायम कुणाला करायचं, हे त्यांच्याच हातात. ते मला काहीतरी शाबासकीचं बोलत होते, तेवढ्यात तू मला पाहिलंस. तुझा चेहरा कसा फुलला ते मला अजून दिसतं. गर्दीतून पुढे येत तू म्हणालीस, 'निशे, तू हायस गो? आमच्या रियाची मॅडम तूच?'

विनायकरावांनी आधी तुझ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ओळखता का यांना, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं.

मी म्हटलं, 'नो सर. शी इज अ हेल्पर.'

मला वाटलं, तुला कळणार नाही. शब्द तुला कळला नसेलही, पण माझं तोंड तुला लहानपणापासून वाचता येत होतं. तू जागच्या जागी थांबलीस. पदर सारखा केलास. म्हणालीस, 'चुकला माजा, बाई. मना वाटला आमची निशा हाय.' आणि रिकामी पाटी उचलून बाहेर जाऊन उभी राहिलीस. 'निशे'वरून 'बाई'वर यायला तुला एक क्षण लागला. मी तुझ्या मागे आले नाही. विनायकरावांना चीनची भिंत दाखवायला घेऊन गेले.

एप्रिलमध्ये मला कायम केलं.

मला वाटायचं, ते तुझ्यामाझ्यात राहिलं. राहिलं नव्हतं. मार्चमध्ये मुलांना 'माय फॅमिली'वर पाच ओळी लिहायला दिल्या होत्या. रियाने लिहिलं होतं, 'माय मदर इज हेल्पर.' तो शब्द मीच तिला जानेवारीत शिकवला होता, शिपाई, माळी, सफाईवाल्या मावशी यांच्या धड्यात. पिरॅमिडशेजारी उभं राहून तिने सगळं ऐकलं होतं आणि तिला सगळं कळलं होतं. वही माझ्यासमोर उघडी होती. मी काय केलं असेल? 'हेल्पर'च्या आधीचा 'अ' राहिला होता, तेवढा लाल पेनाने घातला आणि खाली 'गुड' लिहिलं. तिच्याशी बोलले नाही. तुझ्याकडे आले नाही. त्यानंतर ती वर्गात पुन्हा कधी मिठाविषयी बोलली नाही, आणि तूही शाळेत पाऊल टाकलं नाहीस. पालक मीटिंगला तिचे वडील यायचे. हजेरीवर त्यांची सही बघून मला सुटल्यासारखं वाटायचं, हेही सांगून टाकते.

आता कालचं सांगते. रिया दहावीत शाळेत पहिली आली, ते तुला माहीत आहेच. इंग्रजीत तर ती विभागातल्या वरच्या मुलांत आहे. काल संध्याकाळी ती पेढे घेऊन माझ्या घरी आली. उंचीला तुझ्यासारखीच झाली आहे. रविवारी सत्कार आहे, आणि मुलांना आईवडिलांबरोबर स्टेजवर बोलावणार आहेत. वडिलांची बंदरात ड्युटी आहे, म्हणून तिने मला विचारलं, 'मॅम, माझ्यासोबत तुम्ही याल का?' मी विचारलं, आई? ती खाली बघत म्हणाली, 'आईला सांगितलंय की फक्त मुलांनाच बोलावलंय. तिथे सगळे इंग्लिशमध्ये बोलतात. ती आपलं काहीतरी बोलेल.' फार हळू आवाजात म्हणाली, पण अडखळली नाही. पेढा माझ्या हातातच राहिला. मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. ओवे, आपला बाक, तुझा नकाशा, मी विनायकरावांना काय म्हटलं, आणि तिच्या वहीत मी काय दुरुस्त केलं तेही. तिने एवढंच विचारलं, 'आईला माहीत होतं, तुम्ही कोण ते?' मी हो म्हटलं. ती चप्पल घालून निघून गेली. घरी येऊन तुला काही बोलली का, मला कळायला मार्ग नाही.

म्हणून हे पत्र. सत्कार रविवारी सकाळी दहा वाजता शाळेच्या सभागृहात आहे आणि पालकांना बोलावलेलं आहे. तुला बोलावलेलं आहे. रिया खोटं बोलली म्हणून तिच्यावर रागावू नकोस. आईची लाज वाटायची असते हे त्या पोरीला ठाऊक नव्हतं, ते तिला तिच्या मॅडमने शिकवलं. मुख्याध्यापिकांना मी आज सकाळी भेटले. माझं माहेर कुठलं, घरची भाषा कुठली आणि त्या दिवशी मी काय केलं, ते सांगून आले. त्यांना ते फारसं महत्त्वाचं वाटलं नाही. ज्या गोष्टीची मला एवढी भीती वाटत होती, ती दोन मिनिटांत संपली. माफ कर असं मी म्हणत नाही, तेवढं तोंड मला नाही. मी मागच्या रांगेत बसेन. माझ्याकडे बघू नकोस, बोलू नकोस, चालेल. पण तुझ्या पोरीबरोबर स्टेजवर तू चढ, आणि माइक पुढे केला तर आपल्या भाषेत बोल.

तुझीच,
निशी