अंडं आमच्या गावात का उभं राहिलं नाही

आई, आधी आशीर्वाद दे.

मी कीतो शहरात बरी आहे, वेळेवर जेवते. तू एकटीपुरती का होईना, चूल पेटवतेस ना?

बाबांचं बघायचं राहून गेलं म्हणून काल विषुववृत्ताच्या रेषेवर जाऊन आले. तिथल्या बाईंनी खिळ्याच्या डोक्यावर अंडं उभं करायला दिलं. दुसऱ्या खेपेला राहिलं. "फक्त रेषेवरच राहतं हो!" म्हणाल्या. खोलीवर येऊन करून पाहिलं. रेषा सात-आठ कोस लांब, तरी राहिलं.

शेवटच्या वर्षी बाबा घरी खिळ्यावर अंडं उभं करायला बसायचे, ते रोज गडगडायचं. तू फरशी पुसत म्हणायचीस, "अहो, हात चांगलाय तुमचा, आपलं गावच रेषेवर नाही."

आई, त्यांच्या हाताची थरथर तुला तेव्हाच कळली होती ना? मला तरी सांगायचंस.

तुझीच,
रोसाउरा