औषधाला व्यसन म्हणणारी माणसं

३ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. घरात आपलं ऐकून घेणारं कुणी उरलेलं नाही.

बायकोला पाण्याच्या पिंपामागे खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या सापडल्या. तिने त्या ओट्यावर रांगेने मांडल्या आणि म्हणाली, हे व्यसन आहे. व्यसन! बाटलीवर चक्क ‘औषध’ छापलंय. पुन्हा एक जरी बाटली दिसली तर मुलीला घेऊन भावाकडे जाणार म्हणे. जा म्हणावं खुशाल. (जाऊ नये. पण म्हणायला काय जातं?)

मी शर्टांच्या वर्कशॉपमध्ये कटिंग मास्टर. कापडाची धूळ छातीत जाते, खोकला येणारच. सध्या येत नाही. म्हणजेच औषध लागू पडतंय.

४ मार्च

संकल्प: जेवणानंतर फक्त दोन चमचे.

संध्याकाळी: चमचा सापडला नाही.

६ मार्च

डोकं तापलंय. मोठ्या मेडिकलवाल्याने डॉक्टरची चिठ्ठी मागितली. मी गिऱ्हाईक आहे की चोर? त्यापेक्षा कोपऱ्यावरचा बरा. काही विचारत नाही, कागदात गुंडाळून देतो. जगात माणुसकी शिल्लक आहे.

वर्कशॉपमध्ये मेव्हण्याने विचारलं, डोळे का जड दिसतात. माझ्याच हाताखाली शिकला, आणि मलाच विचारतो! चांगलं सुनावलं. ट्रक ड्रायव्हर जागं राहायला गोळ्या खातो, इस्त्रीवाला झोप लागायला खातो, मशीनवरच्या बायका पाठदुखीच्या गोळ्या फुटाण्यासारख्या खातात, मालकाची संध्याकाळ ग्लासाशिवाय होत नाही. त्यांना विचार की! तर म्हणतो, भावोजी, त्यांच्या हातात कटर नसतं.

फार शेफारलाय.

१० मार्च

मोठी ऑर्डर. कापडाचे थर लावले, वर पॅटर्न ठेवला, कटर चालू. काय हात चालला आज! दिवसभराचं काम दुपारच्या आत उरकलं. औषधाचे असे फायदे कुणी सांगत नाही. नावं ठेवायला मात्र सगळे पुढे.

११ मार्च

किरकोळ गैरसमज झाला.

एक बाही कापली की पॅटर्न उलटा करून दुसरी कापायची असते. कालच्या सगळ्याच्या सगळ्या बाह्या डाव्या निघाल्या. पण किती सफाईने कापल्यात, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. मालकाने भर हॉलमध्ये विचारलं, माणसांनी उजवा हात कुठे घालायचा? लोक खो खो हसले. बायको तिथेच शिलाई मशीनवर बसते. ती हसली नाही. मान खाली घालून शिवत राहिली. तेवढं मात्र लागलं.

कटर मेव्हण्याच्या हातात गेलं. मला घरी बसायला सांगितलं. तसाही मीच सोडणार होतो.

१२ मार्च

बायको गेली नाही! मुलीला ताप आणि खोकला आहे. बायको म्हणाली, घरीच आहात तर तिला सांभाळा, वेळेवर औषध द्या, एवढं एक जमवा. मग बघू. म्हणजे भरवसा आहेच. फक्त तोंडाने कबूल करत नाही.

संकल्प: बाटलीला कायमचा रामराम. आठ दिवसांत कामावर परत. मेव्हण्याला धागे कापायला बसवणार.

१३ मार्च, दुपार

अंग मोडून आलंय. घाम फुटतोय, नाक गळतंय. हवाच वाईट आहे. सहज पाय मोकळे करायला कोपऱ्यापर्यंत गेलो, तर दुकानाला कुलूप. तपासणी झाली म्हणे. आता माणुसकीचीही तपासणी!

मुलीला तिच्या औषधाचा एक चमचा दिला. शहाणी आहे, तोंड वाकडं न करता घेतला. बाटली फळीवर ठेवली. तिकडे बघायचंसुद्धा नाही.

लेबल वाचलं. नुसतं वाचलं.

१३ मार्च, संध्याकाळ

बायको कामावरून आली आणि आधी फळीकडे गेली. बाटली रिकामी. मी काही बोलायच्या आत मुलगी म्हणाली, मीच प्यायले, गोड लागलं म्हणून. आठ वर्षांची पोर. माझ्याकडे बघतही नव्हती.

बायको पांढरीफटक पडली. मुलीला उचलून दवाखान्यात धावायला निघाली. मग सांगावंच लागलं. तिने नाही, मी प्यायलो.

बायको ओरडली नाही. निदान चढली तरी का, एवढंच विचारलं.

लहान मुलांच्या औषधात तसलं काही नसतं. मला माहीत होतं.

नाही म्हणालो.

दोघी मेव्हण्याकडे गेल्या. जिना उतरेपर्यंत मुलगी खोकत होती.