बिस्किटांच्या कारखान्यातली पात

माय, इंग्रजांच्या या देशात तांदूळ खिरीसाठी विकतात. किराणा दुकानात, लहानशा कागदी पिशवीत, साखरेच्या शेजारी. मी पहिल्यांदा बऱ्याच पिशव्या मागितल्या तेव्हा दुकानदाराने विचारलं, घरी लग्नकार्य आहे का. मी त्याला खरं ते सांगितलं की हा आम्हा दोघांचा आठवड्याचा भात आहे. त्याने नुसती मान डोलावली आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. तू असतीस तर एक दाणा दाताखाली फोडून पिशवी तिथेच ठेवली असतीस. बुटका दाणा आहे, शिजला की लगदा होतो. आम्ही खातो. तुझे जावई म्हणतात, "भात नाई हा, पण भाताचा चुलतभाऊ आहे."

जावयांची ओळख करून द्यायला हवी, कारण तू गेलीस तेव्हा मी अजून चौथीत होते. हे माजरीच्या कोळसा खाणीत मोजणीचं काम करतात. कंपनीने त्यांना इकडच्या खाणींतलं काम शिकायला दोन वर्षांसाठी पाठवलं, पण भत्ता एकाच माणसाचा. आमचं लग्न नुकतंच झालेलं. तेव्हा सासरी असं ठरलं की मी सोबत जावं, नाताळपर्यंत मला काही काम मिळालं तर राहावं, नाहीतर जानेवारीच्या बोटीने परत यावं. परतीचं तिकीट आधीच काढलेलं होतं. ते माझ्या ट्रंकेत सगळ्यात वर असायचं, म्हणजे रोज सकाळी पातळ काढताना दिसायचं. माय, मला परत जायचं नव्हतं. ज्या माणसाला मी नुकती ओळखायला लागले होते तो मला आवडायला लागला होता, आणि दोन वर्षांनी भेटलो असतो तर पुन्हा पहिल्यापासून ओळख काढावी लागली असती. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. यांनाही नाही.

काम शोधणं मला जमत नव्हतं. इथे कामाची एक सरकारी कचेरी असते. तिथल्या बाबूने माझं चांद्याचं मॅट्रिकचं प्रमाणपत्र उजेडात धरून पाहिलं, मास्तरकीचं ट्रेनिंग म्हणजे काय ते विचारलं, आणि मग टायपिंग येतं का म्हणून विचारलं. नाही म्हटलं. कापडाच्या दुकानात मालकीणबाईने विचारलं, गल्ल्यावर बसशील का. मी म्हटलं, बसेन, पण नाणी अजून नीट ओळखू येत नाहीत आणि माझ्या हातून चूक झाली तर मला झोप लागणार नाही. एका घरी मुलं सांभाळायला बाई हवी होती. तिथे मी आपणहून सांगितलं की इतकं गोरं मूल मी कधी न्हाऊ घातलेलं नाही. त्या घरची बाई फार गोड हसली आणि तिने दार लावून घेतलं. संध्याकाळी हे सगळं यांना सांगितलं तर यांनी कपाळाला हात लावला. "अवो, तू काम मांगून राह्यली का गुन्हा कबूल करून राह्यली? विचारलं तेवढंच सांगत जा ना." मी म्हटलं, अहो, नंतर कळलं तर? हे म्हणाले, "नंतर कळंल तवा तू कामावर असशील."

शेवटी आमच्या घरमालकीणबाईंनीच वाट दाखवली. त्या विधवा आहेत, एकट्या राहतात, आणि जिन्यावरून माझं येणं-जाणं पाहून त्यांना सगळं समजलेलं असायचं. गावात बिस्किटांचा कारखाना आहे, नाताळच्या आधी तिथे माणसं कमी पडतात. "तिथे बोलावं लागत नाही, पोरी," त्या म्हणाल्या, "तुझ्यासाठी तेच बरं."

पंधरा दिवस काम पाहायचं आणि मग ठेवायचं की नाही ते सांगायचं, असा तिथला नियम. मुकादमबाई उंच, चष्मेवाली, बोलायला तुटक. माझा पदर पाहून तिला धास्तीच बसली, यंत्राच्या पट्ट्यात अडकला तर काय. मी कोपऱ्यात गेले आणि तू रोवण्याला, चिखलात भाताची रोपं लावताना, खोचायचीस तसं खोचून आले. पदर कमरेला, मागे कासोटा, खाली लोकरी मोजे. बाया हातातली बिस्किटं टाकून पाहायला लागल्या. एक म्हणाली, "उद्यापासून मीपण असंच येते, नवरा तरी वर मान करून पाहील." मुकादमबाईसुद्धा हसली, मग घड्याळाकडे पाहून गंभीर झाली.

काम सोपं आहे. लांब पट्ट्यावरून बिस्किटं येतात, दोन्ही बाजूंना बाया उभ्या. पत्र्याच्या डब्यात बिस्किटं उभी लावायची, वर कागद, त्यावर आपल्या नंबरची चिठ्ठी, मग झाकण. दोन दिवसांत हात बसला. माझ्या डाव्या हाताला एक म्हातारी उभी असते. तिच्या बोटांची पेरं सुजलेली, बिस्किट धरताना ओठ घट्ट मिटायची. तिचे रिकामे डबे साठत चालले होते आणि माझे संपत आले होते, आणि माय, मी काही विचारच केला नाही. माझा हात आपोआप डावीकडे गेला.

तुला आठवते का ती पाटलाची भाताची बांधी? मला पहिल्यांदा रोवण्याला नेलंस तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन. प्रत्येकीच्या वाट्याला चिखलाची एकेक पट्टी, एकेक पात. मी पऱ्ह्यांची, कोवळ्या रोपांची, पेंढी घेऊन खाली वाकले आणि भराभर रोवत सगळ्यांच्या पुढे निघून गेले. बांधीच्या टोकाला धुऱ्याजवळ पोचून मोठ्या तोऱ्याने वळून पाहिलं, तर तुम्ही सगळ्या अजून अर्ध्या बांधीत, एका रांगेत, आणि मधे ती पोटुशी बाई जिच्या पातीत दोन्ही बाजूंच्या बायांच्या हातून रोपांची चुडं पडत होती. तू तिथूनच ओरडलीस, "काऊन वो, कुठी धावून राह्यली? बांधी का तुह्या एकटीची आहे? मांगं ये." मी म्हटलं, मी पहिली आले. "शाळेत ये ना पयली. बांधीत कोणी पयली येते का वो?" सगळ्या बाया हसल्या होत्या. मी रडत रडत मागे आले आणि त्या बाईची पात भरू लागले. त्याच वर्षी मार्कंड्याच्या जत्रेतून तू मला पाटी आणलीस, आपल्या घरातली पहिली पाटी, आणि बाबांना सांगितलंस, हिला शाळेत पाठवा, नाहीतर ही बांधीत बायांना दमवून मारेल.

तर इथे मी म्हातारीची पात भरत होते. अडचण एकच होती, चिठ्ठीची. डबा तिचा, हात माझा, मग नंबर कुणाचा घालायचा? यावर मी जेवणाच्या सुट्टीत भाकरीचा, म्हणजे पावाचा, तुकडा हातात धरून बसून राहायची. शेवटी ठरवलं की डबा तिचा तर चिठ्ठी तिची. असं बरेच दिवस चाललं. मग एका सकाळी मुकादमबाईने मला काचेच्या खोलीत बोलावलं. टेबलावर एक डबा उघडा होता, वर म्हातारीच्या नंबरची चिठ्ठी.

"हा कुणाचा?"

"त्यांचा."

"भरला कुणी?"

"मी."

"तिने सांगितलं म्हणून?"

"नाही. त्यांनी कधीच सांगितलं नाही."

"किती भरलेस असे?"

म्हातारी किती मागे पडते हेच ती विचारत होती, हे मला कळत होतं. खोटं मला बोलता येत नाही आणि खरं बोलले तर त्या बाईचं काम जाईल. पण खरं काय ते आठवायला गेले तर असं दिसलं की मला माहीतच नव्हतं. "मोजले नाहीत," मी म्हटलं. "आमच्याकडे भाताच्या बांधीत दुसरीच्या पातीत किती चुडं लावली ते कुणी मोजत नाही. ती मागे राहिली तर मी पुढे जाऊन काय करणार?"

मुकादमबाईने चष्मा काढून पुसला. "हे बघ," ती म्हणाली, "तू तिचं भरलंस की मला तूही कळत नाहीस आणि तीही कळत नाही. शुक्रवारपर्यंत फक्त स्वतःचं कर. मग बघते."

घरी येऊन सांगितलं तर हे आधी पोट धरून हसले. "इंग्रजाच्या बांधीत रोवणा करून आली का तू?" मग माझा चेहरा पाहिला आणि थांबले. स्वतः उठून तांदूळ धुतला, आणि मी पाहत नाही असं समजून ट्रंकेतलं तिकीट कपड्यांच्या पार खाली सरकवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी म्हातारी माझी वाटच पाहत होती. "लढाईच्या आधीपासून मी इथे उभी आहे," ती म्हणाली. "माझ्या डब्यात हात घालताना मला विचारलंस का तू?" विचारलं नव्हतं. आपल्याकडेही कुणी विचारत नाही. पण आपल्याकडे आज मी तुझी पात भरली तर उद्या माझं अंग दुखत असताना तू माझी भरशील, हे दोघींना ठाऊक असतं. इथे तिला तसं काहीच ठाऊक नव्हतं. तिला ती भीक वाटली असणार. मी माफी मागितली. दुपारी तिने माझ्या पायाखाली पुठ्ठ्याचा जाड तुकडा सरकवला. "या फरशीवर नुसत्या चपलेत उभी राहतेस? मग नवऱ्यालाच तुझे पाय चेपावे लागतील." मी म्हटलं, चेपतातच. ती इतकी हसली की पट्ट्यावरची दोन बिस्किटं तिच्या हातून सुटली, आणि ती मी उचलली नाहीत.

ते तीन दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. डोळे स्वतःच्या डब्यावर, आणि डावा हात जणू कुणी बांधून ठेवलेला. शुक्रवारी सुटताना मुकादमबाई दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "सोमवारी, नेहमीच्या वेळेला." एवढंच. मी तिचे आभारसुद्धा मानले नाहीत, धावतच घरी आले आणि जिन्यावर घरमालकीणबाईंना धडकले. म्हातारीला लेबलं चिकटवायच्या टेबलावर बसवलं आहे. तिथे खुर्ची आहे. ते माझ्यामुळे की माझ्याशिवायही होणारच होतं, हे मी विचारलं नाही. ती म्हणते, आयुष्यात पहिल्यांदा कारखान्यात बसून काम करते आहे आणि झोप आवरत नाही.

तुझे जावई म्हणतात, हे सगळं माझ्या बाबांना लिही, तुला लिहून काय, पोस्टमन कुठे जाणार. आणि तुला वाचता तरी कुठे येत होतं. बाबांना लिहिलं आहे, नोकरी लागली, तब्येत बरी. हे एवढं मात्र त्यांना लिहिलं नाही, म्हणून तुला लिहिते. सोमवारी माझ्या डाव्या हाताला नवी पोरगी आली. हात चांगले आहेत, फक्त सवय नाही, मागे पडत होती. मी तिच्याकडे एकदा पाहिलं. मग माझे डबे भरत सुटले, एकामागून एक, सगळ्या पट्ट्याच्या पुढे. आणि माय, मला फार मजा आली.