पाठ केलेला तक्ता

तुतिकोरिन,
ता. ४ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यासाहेबांच्या पायांशी उमाजीचा सा. न.

आणि डोळ्यांचं काम बोटं करतात, हे मला सांगू नका. फोनवर एवढंच बोलून तुम्ही फोन ठेवलात, म्हणून पत्र लिहितोय. पत्र मधेच ठेवता येत नाही. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. बोटं इतकी हुशार आहेत तर संग्रामसिंहांच्या घरून पगडी परत का आली? टोपी बाजारात पगड्या बांधता त्याला तीस वर्षं झाली, एक कधी परत आली नव्हती. दुसरी आली की गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानाची पायरी चढेल, हे तुम्हालाही माहीत आहे.

शेजारची शिखा सांगत होती की कंपू भागातल्या डोळ्यांच्या दवाखान्याच्या दारापर्यंत तुम्ही दोनदा जाऊन परत आलात. भीती वाटते म्हणा ना. मलाही वाटली होती. इथे बंदरावर क्रेनच्या लायसनसाठी डोळे दाखवायचे होते, तर मी सकाळपासून उपाशी, रक्त काढतील म्हणून. कोणी सुई लावली नाही. एका मशीनवर हनुवटी टेकायची, आत रस्त्याच्या टोकाला एक घर दिसतं, आधी धूसर, मग साफ. दुसऱ्या मशीनमधून डोळ्यावर फुर्रकन हवा येते, दचकायला होतं, बस, इतकंच. मग समोरचा अक्षरांचा तक्ता. मग जड चौकटीत काचा बदलत विचारतात, ही बरी की ती. शेवटी थेंब घालतात, जरा चुरचुरतं आणि तीन-चार तास जवळचं धूसर दिसतं, म्हणून शिखाला बरोबर न्या. बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी पण.

राग नंतर काढा, आशीर्वाद आत्ता द्या.
तुमचा उमाजी

दाना ओली, लश्कर, ग्वाल्हेर,
ता. १४ नोव्हेंबर

चि. उमाजीस अ. आ.

शिखाकडून लिहवून घेतेय. मला दिसतं, पण वेळ नाही.

तुझी आत्या पास झाली. शंभरपैकी शंभर. दोन तास बाकावर बसवलं, दार उघडंच होतं. माझ्या आधी अकरा जण आत गेले आणि अकराही जण तोच तक्ता मोठ्यानं वाचत होते. आरती पाठ होते तशा सगळ्या ओळी मला पाठ झाल्या. माझा नंबर आला तेव्हा शेवटची बारीक ओळ तर मी तक्ता दाखवणाऱ्या मुलीनं छडी टेकवायच्या आधीच म्हणून टाकली. हा डोळा झाकून तेच, तो डोळा झाकून तेच. ती बघतच राहिली. मग म्हणाली, मशीनवर बसा, डॉक्टरबाई थेंब घालतील. मी म्हटलं, पास झालेल्या माणसाला थेंब कशाला, आणि निघून आले.

मोहित्यांच्या घरातून चार पिढ्या फौजेत गेल्या. नापास होऊन कोणी घरी आलं नाही. एक तू सोडून, सहावीत. आणि ती पगडी म्हणशील तर संग्रामसिंहांचं डोकंच वाकडं आहे.

जेवण वेळेवर करत जा. लोभ आहेच, तो मागायला लागू नये.
तुझी आत्या

तुतिकोरिन,
ता. २१ नोव्हेंबर

ती. आत्यासाहेबांस उमाजीचा सा. न.

तुमचं पत्र इथे कामावरच्या सगळ्यांना हिंदीत सांगितलं. सगळे हसले, मी नाही हसलो.

गिऱ्हाईक लाजून म्हणतं, पगडी बरोबर बसली. तेव्हा तुम्ही काय करता? पगडी उतरवता आणि आरशात कपाळावरचा वळ दाखवता. म्हणता, खोटं बोलणारं डोकं मला नको, कुठे रुततंय ते सांग. डॉक्टरबाई पण तेच विचारतायत. तिथे मार्क नाहीत. दिसत नाही, हे पण त्यांच्या कामाचं उत्तर असतं.

एक गोष्ट तुम्हाला सांगितली नव्हती, लाज वाटली. मला इथली अक्षरं येत नाहीत म्हणून इंग्रजी E सारख्या तीन पायांच्या खुणेचा तक्ता दिला, पाय कुठल्या बाजूला ते हातानं दाखवायचं. खालच्या दोन ओळींना मी हात खालीच ठेवले, दिसतच नव्हतं. कोणी रागावलं नाही. चष्मा लागला, लायसनही मिळालं. आता साठ फुटांवरून मला खालच्या माणसाची चप्पल दिसते. नापास मीच आहे ना, मग एकदा माझं ऐका.

माया कमी करू नका.
तुमचा उमाजी

दाना ओली,
ता. ३ डिसेंबर

चि. उमाजीस अ. आ.

गेले होते. भरलेल्या बाकासमोर डॉक्टरबाईंना सांगितलं की मागच्या वेळी मी पाहिलं नव्हतं, ऐकलं होतं. सीमंतिनी नाव त्यांचं, वयानं तुझ्याएवढ्याच असतील. हसल्या नाहीत. त्यांनी तक्ताच बदलला. तिसऱ्या ओळीला मी थांबले आणि म्हटलं, यापुढे नाही दिसत.

उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे, ऑपरेशन आत्ता नाही, सहा महिन्यांनी परत बोलावलंय. जवळचा नंबर बराच निघाला. चौकटीत काचा घातल्यावर मी पिशवीतून ती पगडी काढली. कापडाचे तीन पेच तिरपे गेले होते आणि जरीचा काठ उलटा. संग्रामसिंहांच्या डोक्याला मी खामखा बोलले. तिथेच बाकावर उसवायला घेतली, मग थेंब घालायला हाक मारली.

चष्म्याचे पैसे मी माझे दिले. तू पाठवू नकोस, परत करीन.

मला ऐकायला लावलंस, तसं तूही स्वतःच्या तब्येतीचं ऐक.
तुझी आत्या

तुतिकोरिन,
ता. ११ डिसेंबर

ती. आत्यासाहेबांस उमाजीचा सा. न.

परवा जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना बसवून सांगितलं की माझ्या आत्यानं भर दवाखान्यात उभं राहून स्वतःची चूक सांगितली. माझ्यात तेवढी हिंमत नव्हती, मी तर वर्षभर चष्मा तुमच्यापासून लपवला. मुकादम म्हणाला, अशी बाई बघायला पाहिजे. मी म्हटलं, ग्वाल्हेरला जा, टोपी बाजारात कुणालाही विचार.

चष्म्याचे पैसे नाही पाठवत. मला एक पगडी पाहिजे, शिंदेशाही, जांभळी. लग्न नाही ठरवलं, उगीच खूश होऊ नका. नवा चष्मा लावून पहिली बांधाल ती माझी. घरचा म्हणून कमी लावायचं नाही, संग्रामसिंहांना लावला तोच भाव. डोक्याचं माप साडेबावीस इंच, दोनदा घेतलं, खरं आहे.

तुमचा, आणि तुमच्याच दुकानाचं गिऱ्हाईक,
उमाजी

सोबत मनीऑर्डर, रुपये चार हजार पाचशे.