खर्जाच्या चार रिकाम्या मात्रा

मी खाली सही करणारी, वय ७७, अविवाहित, निवृत्त संगीतशिक्षिका, आमच्या वृंदगान मंडळाची संस्थापक आणि दोन वर्षांपूर्वीपर्यंत संचालक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणी भरीस न घालता लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कान शाबूत असल्याचा दाखला कोणी देत नाही, तो माझा मीच देते. दर गुरुवारी खालच्या खोलीत वरच्या पट्टीतल्या बायका तिसऱ्या कडव्यात सुरातून उतरतात, हे मला वरच्या मजल्यावर बसून कळते.

यापूर्वीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागाच्या भरात लिहिली होती. हेही रागातच लिहिते आहे, पण या वेळी वकीलबाईंना विचारून.

कलम १. बँकेतली ठेव घराच्या छपरासाठी वापरावी. पियानोच्या बरोबर वर गळते.

कलम २. पियानो आणि लयीचे ठोके देणारा मेट्रोनोम माझ्या पुतणीला द्यावेत. ही माझ्या दिवंगत थोरल्या भावाची, म्हणजे दादाची, एकुलती एक मुलगी. सध्या मंडळ तीच चालवते. कडवे संपत आले की ती लय सैल सोडते, म्हणजे श्रोत्यांना हुंदका द्यायला सवड मिळते. म्हणून मेट्रोनोम कपाटात न ठेवता तिच्या डोळ्यांसमोर ठेवावा.

कलम ३. माझ्याकडच्या अवघड रचनांची तीन कपाटे संगीत विद्यालयाच्या ग्रंथालयाला द्यावीत. या रचना आम्ही एकतीस वर्षे गायलो. कार्यक्रमाला एकोणीस माणसे येत, त्यांतली अकरा नात्यातली. औषधांच्या दुकानातल्या बाई आमच्यात मधल्या आवाजात गातात. त्या मला तोंडावर म्हणाल्या होत्या, "बाई, माझ्या सासूबाई परवा पहिल्यांदाच शेवटपर्यंत बसल्या. रडल्यासुद्धा." परवा म्हणजे पुतणीच्या कार्यक्रमाला. मी म्हटले, कांदा चिरतानाही रडू येते, म्हणून आपण कांद्याला टाळ्या वाजवत नाही. त्या हसल्या नाहीत.

कलम ४. तळमजल्यावरची सरावाची खोली, खुर्च्यांसह, मंडळाच्या मालकीची व्हावी. तिच्या खिडक्या दादाने स्वतः बसवल्या होत्या. मात्र अट एकच: त्या खोलीत "ते गाणे" पुन्हा कधीही म्हणू नये. म्हटल्यास खोली विकून टाकावी.

कलम ५. ते गाणे कोणते, हे पुढे वाद नको म्हणून लिहून ठेवते. दादा जाऊन वर्ष झाले तेव्हा पुतणीने ते बसवले. शब्द कोणालाही कळतील असे, चाल पहिल्यांदा ऐकून दुसऱ्यांदा गुणगुणता येईल अशी, आणि शेवटच्या कडव्यात सगळ्यांनी एक स्वर वर चढायचे. स्वर चढला की सभागृहात रुमाल निघालेच म्हणून समजा. ही जुनी युक्ती आहे. मी ती मुलांना शाळेत शिकवत असे, ती कशी टाळावी यासाठी.

तिने कागद माझ्याकडे तपासायला दिला. मी लाल पेन्सिलीने चौदा चुका काढल्या. दुसऱ्या कडव्याच्या तिसऱ्या ओळीनंतर खर्जातल्या पुरुषांना चार मात्रा काहीच म्हणायचे नव्हते. बाकीचे आवाज चालू आणि तळ गायब. मी तिथे स्वर भरला आणि समासात लिहिले: "खर्ज कुठे गेला?"

ती म्हणाली, "आत्या, ती चूक नाहीये."

"मग काय आहे?"

"तुला कळेल असं वाटलं होतं."

"कळायला त्यात काही असावं लागतं. नुसता साखरेचा पाक आहे हा."

"लोकांना गोड लागलं तर तुझं काय बिघडतं गं?"

मी म्हटले, मंडळातल्यांनीच ठरवावे. त्यांनी हात वर करून ठरवले. बावीस हात तिच्या बाजूला, तीन माझ्या, आणि तिघांतला एक, मला दाट संशय आहे, पाठ खाजवत होता. त्या दिवसापासून मी जिना उतरले नाही. तिने चार वेळा दार वाजवले, मी पियानोची वही वाचत असल्याचे सांगितले. पंधरा पायऱ्या आहेत आणि माझे गुडघे धडधाकट आहेत.

तेव्हापासून दर गुरुवारी माझ्याच घरात, माझ्याच पायाखाली ते गाणे चालते. मी मनाशी ओळी मोजत जाते, ती रिकामी जागा येते, आणि माझ्याच्याने राहवत नाही. बरोबर पहिल्या मात्रेवर मी जमिनीवर पाय आपटते. चूक चूकच असते आणि ती ऐकणाऱ्याला कळली आहे, हे खाली पोचावे एवढाच हेतू. दोन वर्षांत एकही गुरुवार चुकवलेला नाही.

कलम ६. आमच्या खर्जातले नळवाले, जे तीस वर्षे दादाच्या शेजारी उभे राहून गायले, त्यांना मी काहीही ठेवत नाही. साक्षीदाराला काही देऊ नये असे वकीलबाई सांगतात, आणि मला साक्षीला तेच हवे आहेत. पण त्यांनी काय केले ते लिहिते.

मंगळवारी ते मोरीचा नळ बदलायला आले. वरची पाचही कलमे तेव्हा लिहून झाली होती. वॉशर बसवता बसवता म्हणाले, "बाई, गेल्या गुरुवारी ठोका जरा उशिरा आला. तब्येत बरी आहे ना?"

"कसला ठोका?"

"तुमचा. दादांच्या जागेवरचा. पोरी थांबून राहतात त्यासाठी. दादांची लेक, आपली ताई, तर वर बघते."

मी म्हटले, कोणाची जागा? त्यांनी पाना खाली ठेवला. "अहो, तिसरी ओळ संपली की दादांचा दम संपायचा नाही का, शेवटची दोन वर्षं? मी त्यांची ओळ धरून ठेवायचो, ते श्वास घ्यायचे. तरी तुम्हाला कळायचं. तुम्ही सगळ्यांना थांबवून ओरडायचात, खर्ज कुठे गेला म्हणून. ताई पुढच्याच रांगेत असायची. तिनं त्यांना गाण्यात श्वासाला जागा करून दिली. आम्हा सगळ्यांना वाटलं, तुम्हाला माहिती आहे. म्हणून तर वरून ठोका देता."

नळ नीट बसला. अजून टिपूस गळलेला नाही.

कलम ७. कलम ४ मधली अट मी आडवी रेघ मारून खोडली आहे आणि शेजारी सही केली आहे. खोली मंडळाची, विनाअट. वकीलबाई म्हणाल्या, पुन्हा स्वच्छ लिहून काढा. काढणार नाही. चूक केली की ती दिसली पाहिजे, हे मी चाळीस वर्षे वर्गात सांगितले आहे. गाण्याचा तो कागदही सोबत जोडते. समासातले माझे तीन शब्द मी खोडरबराने घासले, पण लाल पेन्सिल पुरती जात नाही. कागद तेवढ्या जागी पातळ झाला आहे.

माझे मत मात्र बदललेले नाही. गाणे गुळगुळीत आहे, शेवटचा चढ फुकटचा आहे, उरलेल्या तेरा चुका चुकाच आहेत. मला त्याचा संताप येतो, आणि आता त्याहून जास्त माझा येतो. दादा माझ्यासमोर दम लागून उभा होता आणि मी त्याची मात्रा मोजत होते.

कलम ८. मला निरोप देताना पुतणीला जे म्हणावेसे वाटेल ते मंडळाने म्हणावे. ते गाणे म्हटले तरी माझी हरकत नाही, ऐकायला मी नसेन. त्या चार मात्रांत मात्र कोणीही काहीही भरू नये. माझ्याऐवजी कोणी पाय आपटू नये.

आणि पुतणीला हे वाचून दाखवावे: ते सगळे ठोके रागाचे होते. परवाच्या गुरुवारचा नव्हता.

ठिकाण: वरचा मजला, खिडकीजवळचे टेबल.
दिनांक: ११ ऑक्टोबर, शनिवार, सकाळी दहा.
सही: (सही)

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:
साक्षीदार १: नळवाले, खर्ज. (सही)
साक्षीदार २: औषधांच्या दुकानातल्या बाई, मधला आवाज. (सही)